नवं एस्प्रेसो मशीन: निवडीच्या नोंदी (फेब्रुवारी ते एप्रिल 2025)

9 फेब्रुवारी, रविवार

सकाळी घाई झाली आणि शॉट (म्हणजे एका वेळची एस्प्रेसो) संपल्या संपल्या हँडल फिरवलं. आत दाब तसाच कोंडलेला. फट्‌ असा आवाज होऊन ओला चोथा टाइल्सवर, उघड्या साखरेच्या डब्यात आणि बारशाला निघालेल्या मेघनाच्या पांढऱ्या कुर्त्यावर. डाग थंड पाण्याने धुवायचा की गरम, यावर आईने तिथल्या तिथे मत दिलं. मेघना एवढंच म्हणाली, "मशीन तरी बदल, नाहीतर सवय तरी."

म्हणून ही वही.

सध्याचं मशीन चार वर्षांचं. 51 मिमीचं हँडल, दुहेरी तळाची बास्केट. म्हणजे वरून जाळी, पण खाली बाहेर पडायला सुईएवढं एकच छिद्र. त्या छिद्रातून जोरात निघते म्हणून कॉफी फेसाळते. दिसायला क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तपकिरी थर, पण दोन मिनिटांत साबणाच्या फेसासारखी विरून जाते. शॉट संपल्यावर उरलेला दाब बाहेर सोडणारा थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह यात नाही, म्हणून आजची आतषबाजी. मशीनचा दोष नाही. ज्या पैशात घेतलं त्या पैशात ते एवढंच देणार होतं.

गरज काय, ती आधीच लिहून ठेवतो, नंतर मोह होतो. सकाळी 6:50 ते 7:15 मध्ये दोन कॅपुचिनो आणि माझी एक एस्प्रेसो. रविवारी पाहुणे धरून पाच-सहा कप. बजेट 75 हजार, त्यात सगळं. आई यात नाही. ती बेळगावची, तिचं पितळी फिल्टर आणि चिकोरी घातलेली पूड तिला पुरते. "एस्प्रेसो म्हणजे लग्नातली ना, वरून चॉकलेट भुरभुरवलेली?" हा तिचा प्रश्न चार वर्षं कायम आहे. खरेदी पाडव्यालाच करायची, ही मात्र तिची अट. पाडवा 30 मार्चला. सात आठवडे आहेत.

11 फेब्रुवारी

ऑफिसच्या बसमध्ये वाचन. खोक्यावर छापलेल्या '15 बार'चं गौडबंगाल एकदाचं कळलं. तो पंपाचा कमाल जोर. कॉफीवर लागतो साधारण 9 बार, आणि तोही पंप ठरवत नाही. दळण किती बारीक, पूड किती, ती किती घट्ट दाबली, या अडथळ्यावर तो उभा राहतो. अडथळाच नसेल तर 15 बारचा पंपसुद्धा नळासारखं पाणी ओततो. उलट अडथळा फार झाला तर जादा दाब टाकीत परत सोडणारी एक स्प्रिंगची झडप लागते, ओपीव्ही. चांगल्या घरगुती मशीनमध्ये ती 9च्या आसपास लावलेली असते.

हा 9 बारचा मामला मिलानच्या अकिले गाजियाचा. 1938चं त्याचं पेटंट आणि युद्धानंतरची दांड्याची मशीनं. त्याआधीची मशीनं वाफेच्या जोरावर चालायची, जेमतेम दीड बार, आणि कॉफीवर हा तपकिरी थर यायचाच नाही. म्हणजे आमच्याकडच्या लग्नातलं ते उभं, चकचकीत, शिट्ट्या मारणारं सिलिंडर एस्प्रेसोचं नव्हेच. ते नुसतं वाफेचं यंत्र. कपात इन्स्टंट पूड, साखर आणि दूध, त्यात वाफेची नळी बुडवायची. आईला हे सांगितलं. "मग छान लागते ती कशी?" उत्तर सुचलं नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस महत्त्वाचा, आणि थोडा लाजिरवाणा.

मित्राचा ग्राइंडर दोन दिवसांसाठी उचलून आणला. जुन्या मशीनसाठी 51 मिमीची साधी, एका तळाची बास्केट आधीच मागवून ठेवली होती. चिकमगळूरची मध्यम-गडद भाजणी, भाजून अकरा दिवस झालेली. हँडलखाली वजनकाटा, हातात मोबाइलचं घड्याळ.

माझ्या जुन्या हँड ग्राइंडरवर 16 ग्रॅम पूड. 32 ग्रॅम कॉफी 14 सेकंदांत धो धो बाहेर. पांढुरकी, आंबट, पाणचट. एक क्लिक बारीक केलं तर 50 सेकंद झाले तरी थेंब थेंब, आणि तोंड कडू. मधलं काही नाहीच. दोन क्लिकांमधलं अंतरच एवढं मोठं की मला हवी ती जागा त्यांच्या बरोबर मध्ये पडते. मित्राच्या ग्राइंडरवर चौथ्या प्रयत्नात 32 ग्रॅम 27 सेकंदांत. उंदराच्या शेपटीसारखी बारीक धार, शेवटपर्यंत मधाच्या रंगाची. तेच मशीन, त्याच बिया, तेच पाणी.

मेघनाला दोन्ही कप न सांगता दिले. दुसरा प्यायली आणि म्हणाली, "नवीन मशीन आलं का?"

चार वर्षं मी मशीनला शिव्या देत होतो.

18 फेब्रुवारी

बजेटची फोड बदलली. ग्राइंडरला 15 हजार आधीच बाजूला. बारीक क्लिकचा हँड ग्राइंडर, कारण त्या पैशात विजेवरचा तितका नेमका मिळत नाही. मशीनला उरले 60.

23 फेब्रुवारी, रविवार

पाणी. याचा विचार कुणी करत नाही, मीही करत नव्हतो.

धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या टाकीत तीन पाण्यांचा संगम: महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं. कुठल्या दिवशी कुठलं जास्त, ते वॉचमनलाच ठाऊक. टीडीएस मीटर होता, पण तो विरघळलेलं सगळंच मोजतो. त्यातला चुना किती आणि मीठ किती, ते सांगत नाही. म्हणून माशांच्या दुकानातून पाण्याचा जडपणा तपासायचं किट आणलं, मत्स्यालयवाले वापरतात ते. पाच मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं. रंग पालटेपर्यंत जितके थेंब, तितके जर्मन अंश. एक अंश म्हणजे लिटरला 17.8 मिलिग्रॅम चुना.

महापालिकेचं पाणी आलं तेव्हा: 4 थेंब, म्हणजे साधारण 70.
टँकरचा दिवस: 20 थेंब. साडेतीनशेच्या वर!
प्युरिफायरचं आरओ पाणी: पहिल्याच थेंबाला रंग पालटला.

टँकरच्या पाण्याने बॉयलरमध्ये काय होणार, ते गिझर सांगतोच. गेल्या वर्षी त्याच्या कॉइलवरून पांढरं कवच सोलून काढलं होतं, अंड्याच्या टरफलासारखं. मग सरळ आरओ घालावं तर तेही धड नाही. त्या पाण्यात आम्ल झेलायला काहीच उरत नाही, ते धातू खातं, आणि कॉफीही बोथट लागते. ज्या मशीनमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सळईने कळते, त्यांना कधी कधी असलं पाणी 'दिसत'ही नाही.

तोडगा स्वयंपाकघरातच सापडला. आरओच्या पाण्यात लिटरला 84 मिलिग्रॅम खायचा सोडा. चुना शून्य, म्हणजे थर नाही, आणि आम्ल झेलायला पुरेसा आधार. 84 मिलिग्रॅम मोजणारा काटा घरात नाही, म्हणून एक लिटर आरओमध्ये 8.4 ग्रॅम सोडा विरघळवून बाटली फ्रिजमध्ये ठेवली. त्यातले 10 मिली एका लिटरला. औषधाच्या बाटलीचं टोपण नेमकं 10 मिलीचं निघालं.

25 फेब्रुवारी

ओटा मोजला. मशीनची जागा प्युरिफायरच्या खाली, कारण 15 अँपचं सॉकेट तिथेच. ओट्यापासून प्युरिफायरच्या बुडापर्यंत 39 सेंटिमीटर. हे आधीच मोजायला हवं होतं.

रांचिलिओ सिल्व्हिया यादीत फार वर होती. पितळी बॉयलर 300 मिलीचा, सगळं कसं दणकट. उंची 34, म्हणजे बसते. पण टाकी भरायची वरून. वर पाच सेंटिमीटरच्या फटीतून तांब्या कसा वाकवणार? रोज चौदा किलोचं धूड पुढे ओढायचं आणि मागे ढकलायचं, की ग्रॅनाइटवर चरे. बाद. एका टेपने तीन आठवड्यांचं प्रेम संपवलं.

गाजिया क्लासिक 38 उंच. एक सेंटिमीटर मोकळा! पण हिची टाकी खालच्या ट्रेमागून पुढे ओढून काढता येते. राहिली.

वीज: ही तेराशे-चौदाशे वॅटची, म्हणजे 6 अँपिअर. साध्या सॉकेटला तोंडापर्यंत. त्याच बोर्डावर मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवायचा नाही, हे घरात जाहीर केलं. इन्व्हर्टरवर अर्थात नाहीच.

2 मार्च, रविवार

जुन्या बाजारातलं एक पाहायला कोथरूडला गेलो. ई-61 ग्रुपचं (ग्रुप म्हणजे हँडल अडकवतात तो पुढचा भाग) हीट एक्स्चेंजर मशीन. नाव लिहीत नाही, मशीन बिचारं चांगल्या घरातलं होतं, नंतर वाईट पाण्यात पडलं.

ई-61 पाहिली की माझं डोकं चालत नाही, हे कबूल करतो. फाएमाने 1961 मध्ये काढलेली ही रचना. त्या वर्षी फेब्रुवारीत युरोपात खग्रास सूर्यग्रहण झालं, त्यावरून ग्रहणाचा 'ई' आणि सालाचे 61. समोर सुमारे चार किलोचा क्रोम चढवलेला पितळी गोळा, त्यात बॉयलरचं गरम पाणी सतत फिरत राहतं आणि तापमान धरून ठेवतं. शॉट आणि वाफ एकाच वेळी. दांडा वर केला की आवाज येतो तोसुद्धा श्रीमंत.

मालक सज्जन होते. "वर्षातून एकदा लिंबूसत्वाने धुतो," म्हणाले. मी वाफेच्या नळीचं टोक फिरवून काढलं. आत पांढरा खडा. ग्रुपची जाळी उतरवली, मागे हिरवट-पांढरी पोपडी. बॉयलर दोनेक लिटरचा, आणि वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. क्षार मागे राहतो आणि दर दिवशी दाट होत जातो. पाणी कुठलं, विचारलं. "बोअरचं. पण गाळून."

त्यांनी चहा दिला. चहा उत्तम होता.

परतताना लक्षात आलं की पाण्याची ती नोंद आधी केली नसती तर आज आगाऊ रक्कम देऊन आलो असतो. शिवाय हे चार किलो पितळ तापायला 25-30 मिनिटं. आमच्या 6:50साठी 6:20. तीन कपांसाठी रोज अर्धा तास हीटर.

5 मार्च

न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. "मामा, इकडे सेल आहे, मे महिन्यात येताना आणतो." मन विरघळलं. पण तिकडचं मशीन 120 व्होल्टचं. तेराशे वॅटला पुरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर म्हणजे ओट्याखाली अजून एक सिलिंडर. आणि व्होल्ट उतरवले तरी वारंवारिता उतरत नाही की चढत नाही. या मशीनमधला कंपनपंप विजेच्या प्रत्येक आवर्तनाला एक धक्का मारतो. तिकडे सेकंदाला 60, इथे 50. पंप चालेल, पण ज्या ठोक्यावर तो बेतलाय तो ठोका नाही. "बदाम आण," म्हटलं.

9 मार्च, रविवार

घड्याळाची परीक्षा. दोन उमेदवार उरले होते.

सकाळी मित्राच्या घरी, त्याची गाजिया क्लासिक. एक बॉयलर, तोही छोटा. 58 मिमीचं हँडल. मशीन आधी वीस मिनिटं तापवलेलं. दोन शॉट ओढले, मग वाफेचं बटण. 40 सेकंदांनी वाफ तयार. इथे मित्राने युक्ती दाखवली: दिवा लागायची वाट पाहायची नाही, त्याच्या थोडं आधी नळी उघडायची. म्हणजे हीटर चालूच राहतो आणि वाफ मध्येच दम टाकत नाही. 250 मिली दूध दोन कपांना. शेवटी शेवटी वाफ थकली होती, पण दूध झालं. मग पाणी सोडून बॉयलर थंड करायचा, नाहीतर पुढचा शॉट जळतो. मग माझी एस्प्रेसो. दळणासकट 13 मिनिटं.

दुपारी दुकानात ब्रेव्हिलचं बँबिनो प्लस. 54 मिमी. तीन सेकंदांत तापतं म्हणतात आणि खरंच तापतं. दुधाचं भांडं ठेवलं, बटण दाबलं, ते आपलं आपण दूध फेटतं आणि थांबतं. तेच तीन कप साडेसात मिनिटांत. दूध माझ्यापेक्षा चांगलं. मेघना सोबत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी किंमतीच्या पाटीकडे पाहिलं. दोन्ही बजेटात बसत होती, त्यामुळे तीही पळवाट नव्हती.

12 मार्च

तीन दिवस स्वतःशी भांडण. घड्याळाने बँबिनोला मत दिलंय, त्यात वाद नाही. कुणी मला विचारलं की सकाळच्या धांदलीच्या घरात काय घ्यावं, तर मी तेच सांगीन.

पण मला गाजिया हवंय. कारणं लिहून पाहिली. झाकण स्क्रू काढले की निघतं आणि आत काय चाललंय ते उघड्या डोळ्यांनी कळतं: बॉयलर, दोन थर्मोस्टॅट, पंप, सोलेनॉइड, रबरी नळ्या. गॅस्केट गेलं तर नवीन बसवायचं. 58 मिमीच्या बास्केट, पूड दाबायचे टॅम्पर, जाळ्या जगभर मिळतात. उद्या एखादा सुटा भाग इकडे मिळाला नाही तर साध्या थर्मोस्टॅटसाठी अडून बसावं लागणार नाही. इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला तर मात्र तुम्ही सर्व्हिस सेंटरच्या मेहेरबानीवर.

हे सगळं खरं आहे. आणि याखालचं कारण हे की मला पाना हातात घ्यायला आवडतो. वहीत तरी खोटं कशाला लिहा.

15 मार्च

धुळवडीचा रंग अजून नखांत. जेवताना विषय काढला. मेघनाचा निवाडा एका वाक्यात: "ज्याला वेळखाऊ मशीन हवं, त्याने लवकर उठावं." अट अशी: 6:30ला मी उठून मशीन लावायचं, 7:05ला तिचा कप टेबलावर, आणि एकदाही 'मशीन तापतंय' हे वाक्य ऐकू यायचं नाही. कबूल.

पितळी बॉयलरची आवृत्ती आधीच्या ॲल्युमिनियमवालीऐवजी. आज ऑर्डर दिली.

30 मार्च, गुढीपाडवा

खोकं 27लाच आलं होतं, आईने उघडू दिलं नाही. आज गुढी उभारून, कडुलिंबाचं पान चघळून मग मुहूर्त. मशीनला हळद-कुंकू. कुंकू वाफेच्या नळीला लावू नको म्हणेपर्यंत लावून झालं होतं.

दोन टाक्या पाणी नुसतं वाहवलं, नव्या धातूचा वास जाईपर्यंत. बरोबर आलेली दुहेरी तळाची बास्केट खोक्यात परत, साधी बसवली. पहिला शॉट: 18 ग्रॅम, 36 ग्रॅम बाहेर, 19 सेकंद. आंबट. ग्राइंडर दोन क्लिक बारीक: 24 सेकंद. आणखी एक: 29. तिसऱ्याच कपाला जमलं. 16 फेब्रुवारीचा दिवस फुकट गेला नव्हता.

हँडल उघडायच्या आधी कान ट्रेकडे: सोलेनॉइड 'फुस्स' करून उरलेला दाब तिथे सोडतो. मग हँडल उघडलं. चोथा कोरडा, पेढ्यासारखा गोल, एका थापेत खाली. मेघना दोन पावलं लांब उभी होती.

3 एप्रिल

तापमानाचा हेलकावा जाणवतोय. थर्मोस्टॅट एका टोकाला बंद होतो, दुसऱ्या टोकाला चालू. मधल्या कुठल्याही क्षणी शॉट ओढला की चव रोज वेगळी. सध्याची रीत: थोडं पाणी सोडायचं, दिवा विझतो म्हणजे हीटर लागला. दिवा पुन्हा लागला की दहा मोजून शॉट. दर वेळी तेच दहा. अंकांवर तापमान धरणारा पीआयडी नंतर बसवता येतो, पण तो विषय सहा महिने घरात काढायचा नाही.

वेळ: 7:09. चार मिनिटं उशीर. ऐकून घेतलं.

13 एप्रिल, रविवार

सकाळी पाण्याची नवी कॅन भरायला घेतली तर फ्रिजमधली सोड्याची बाटली रिकामी. आईला विचारलं. रात्री छोले भिजत घालायचे होते, चव घेतली तर सोड्याचं पाणी, "आयतंच मिळालं." एक लिटर! माझं शंभर लिटर कॉफीचं पाणी पाव किलो छोल्यांत गेलं.

बाटलीवर आता पट्टी चिकटवली आहे. छोले बोटाने चिरडत होते, हेही नोंदवायला हवं.

20 एप्रिल, रविवार

तीन आठवडे झाले. सलग पाच दिवस 7:05च्या आत. दळायला दर शॉटला पाऊण मिनिट जातं, म्हणून रात्रीच तीन डब्यांत 18-18 ग्रॅम बिया मोजून ठेवतो. दळून ठेवत नाही, वास उडतो. रोज रात्री आंधळी, म्हणजे बिनछिद्राची बास्केट लावून नुसत्या पाण्याने बॅकफ्लश, म्हणजे उलट्या दिशेने धुणं, रविवारी पावडर घालून.

खर्च: मशीन आणि ग्राइंडर मिळून 71 हजार 400. टॅम्पर, बास्केट, किट धरून 75,250. अडीचशे जास्त गेले, ते थेंबांच्या किटचे समजतो.

आज दुपारी वामकुक्षी आटोपून स्वयंपाकघरात गेलो तर आई मशीनसमोर. आपल्या पितळी फिल्टरचं डिकॉक्शन पेल्यात, दूध-साखर स्टीलच्या मगमध्ये, आणि मला हाक मारायच्या बेतात. "ती शिट्टीवाली नळी तेवढी लावून दे." दूध फेसाळून वर आलं तसं तिने ते उंचावरून पेल्यात ओतलं आणि बोर्नव्हिटाच्या डब्यातली चिमूट वर भुरभुरवली.

वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची असते, हे आता तिलाही सांगून ठेवलंय.